विटाळाने फक्त पत्ता बदलला

बंगळुरूहून तुमकुरूचे अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर आहे. देशाच्या माहिती तंत्रज्ञानाच्या राजधानीतून निघालेली गाडी दीड-दोन तासांत तेथे पोहोचते. जुलै २०२३ मध्ये याच तुमकुरू तालुक्यातील मल्लेनहळ्ळी गोल्लरहट्टी या वस्तीतील एक बाळंतीण तान्ह्या बाळासह वस्तीबाहेरच्या खोपटात राहत होती. पावसाचे दिवस होते. बाळाला सर्दी झाली, ती बळावली आणि अखेर बाळ दगावले. मायलेकरांना बाहेर ठेवण्याचे कारण एवढेच की, काडुगोल्ल या पशुपालक समाजाच्या परंपरेने प्रसूतीनंतरचा स्राव अशुद्ध मानला जातो आणि त्या काळात बाळंतीण वस्तीत आली तर देव कोपतो, अशी समजूत आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या न्यायाधीश नंतर स्वतः वस्तीवर गेल्या, लोकांना समज दिली गेली, प्रशासन हलले. पण तोवर बाळ गेलेले होते.

कायदा नव्हता असे नाही. अमानुष प्रथा आणि जादूटोण्याच्या निर्मूलनासाठी कर्नाटकाने २०१७ मध्ये संमत केलेला कायदा जानेवारी २०२० पासून अमलात आहे. मासिक पाळीतील वा गरोदर स्त्रियांना सक्तीने वेगळे ठेवणे, गावात परतण्यास मनाई करणे हे प्रकार त्यात गुन्हा म्हणून नोंदलेले आहेत. अशी बातमी आली की शहरी वाचक हळहळतो, 'अजूनही हे चालते' असे म्हणतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. गाव मागास, समाज अशिक्षित, प्रथा जुनी, अशी मांडणी सोयीची असते. कारण तीत आपण कोठेच नसतो.

ती मांडणी आकडे मात्र टिकू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) कर्नाटकातील ९७ टक्के, महाराष्ट्रातील जवळपास ९५ टक्के आणि देशातील सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. म्हणजे वस्तीबाहेरचे खोपट हा आज अपवाद आहे, आणि प्रसूतिकक्ष हाच नियम. तेव्हा विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. दोन दशकांच्या सरकारी प्रयत्नांनी बाळंतपण घरातून दवाखान्यात नेले; त्या वेळी विटाळ घरीच राहिला काय? उत्तर अप्रिय आहे. विटाळही सोबत आला. दवाखान्यात त्याला कोणी विटाळ म्हणत नाही एवढेच. तेथे त्याची नावे घाण, शिस्त, संसर्गाची भीती आणि 'मावशीचे काम' अशी आहेत.

शब्दांचा आडपडदा

मराठी वाचकाने या विषयाकडे कानडी मुलखातील विचित्र चाल म्हणून पाहण्याचे कारण नाही. गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड वस्त्यांमध्ये पाळीच्या दिवसांत स्त्रियांना कुर्माघरात राहावे लागते. काही संस्थांनी तेथे पक्की, पाणी-शौचालयाची सोय असलेली कुर्माघरे बांधून दिली. तेव्हा प्रथा सुसह्य करायची की मोडायची, असा वादही झाला. मध्यमवर्गीय मराठी घरांत जननाशौचाला 'सोयर' म्हणतात आणि ते दहा दिवस पाळणारी कुटुंबे आजही आहेत. पुण्या-मुंबईत मोठ्या दवाखान्यात बाळंत झालेल्या मुलीच्या घरीही बाराव्या दिवसापर्यंत देवाची पूजा थांबलेली असते. यात कोणाचा जीव जात नाही, हे खरे. पण त्यामागची कल्पना तीच आहे: जन्माच्या वेळी स्त्रीच्या देहातून जे बाहेर येते, ते दूषित असते.

या कल्पनेचा पहिला परिणाम भाषेवर होतो. पाळीला 'बाजूला बसणे' किंवा 'कावळा शिवणे' म्हणायचे, श्वेतस्रावाला 'अंगावरून जाणे' म्हणायचे, प्रसूतीला 'मोकळी होणे' म्हणायचे. सभ्यतेचा हा आडपडदा घरात चालून जातो, पण दवाखान्यात तो घातक ठरतो. कारण गरोदरपणात आणि बाळंतपणात देहातून येणारा प्रत्येक द्राव ही वैद्यकाच्या दृष्टीने माहिती असते. पाणमोट फुटल्यावर येणारे गर्भजल स्वच्छ आहे की हिरवट, यावरून बाळाने पोटातच शी केली आहे काय हे कळते. त्या पाण्याला दुर्गंधी असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते. प्रसूतीनंतरच्या स्रावाचा रंग आणि वास गर्भाशयाची स्थिती सांगतो. लघवी सतत झिरपत राहिली तर प्रदीर्घ कळांनी मूत्राशयाला इजा होऊन भगंदर झाले असण्याची शक्यता असते. ती शस्त्रक्रियेने बरी होऊ शकते, पण त्यासाठी बाईने ते कोणाला तरी सांगायला हवे.

'अंगावरून जास्त जातंय' या तीन शब्दांमागे किती रक्त आहे, हे कोणालाच कळत नाही. दोन घड्या भिजल्या की दहा, हे विचारणारी परिचारिका हवी आणि न लाजता सांगणारी बाळंतीण हवी. मातामृत्यूंच्या अभ्यासात सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली 'तीन विलंबां'ची चौकट जगभर वापरली जाते: मदत घेण्याचे ठरवण्यात झालेला विलंब, दवाखान्यात पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. आपल्या सरकारांनी रुग्णवाहिका आणि रस्त्यांनी दुसऱ्या विलंबावर बराच ताबा मिळवला. पहिला आणि तिसरा विलंब मात्र पुष्कळदा लाजेतून आणि किळसेतून निर्माण होतो. बाई सांगत नाही आणि सांगितले तरी समोरचा बघत नाही.

प्रसूतिकक्षातील शिस्त

दवाखान्यात ही किळस नियमांचे रूप घेते. कळा देणाऱ्या स्त्रीला प्रसूतीपूर्वी एनिमा द्यायचा आणि जांघेतील केस काढायचे, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यामागे स्वच्छतेचे कारण सांगितले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातील सेवेविषयीच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत या दोन्ही गोष्टी सरसकट करू नयेत असे स्पष्ट म्हटले; कारण त्यांचा वैद्यकीय लाभ दिसत नाही. कळांच्या जोराने बाईला शी होणे ही देहाची स्वाभाविक क्रिया आहे. पुष्कळदा ती बाळ खाली सरकत असल्याची खूण असते. तरीही त्यावरून बाईला खडसावणे, तिचा अपमान करणे आपल्या प्रसूतिकक्षांना नवीन नाही. ज्या बाईला त्या ओरडण्याची भीती वाटते ती कळ रोखून धरते, पुढच्या खेपेस उशिरा येते, आणि आपल्या धाकट्या बहिणीलाही सावध करून ठेवते.

नवजात बाळाच्या अंगावरील पांढरा चिकट थर हेही असेच उदाहरण. आपल्याकडे बाळ जन्मले की ते 'स्वच्छ' करण्याची घाई असते. तो थर बाळाच्या त्वचेचे रक्षण करतो आणि लगेच अंघोळ घातल्याने बाळ गारठते. म्हणून पहिली अंघोळ किमान चोवीस तास लांबवावी, असा आता सर्वमान्य सल्ला आहे.

केंद्र सरकारने याची दखल घेतलेली नाही असे म्हणणे अन्याय्य ठरेल. २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास परवानगी दिली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात सन्मानपूर्वक सेवेचा निकष आला. कागदावर धोरण योग्य दिशेला आहे. पण सन्मान हा निकष तपासणीच्या दिवशी पडद्यांची संख्या मोजून पूर्ण होतो आणि एरवी विसरला जातो, ही या कार्यक्रमाची मर्यादा आहे.

रक्त पुसायचे की मोजायचे?

हा सगळा प्रश्न केवळ सौजन्याचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. तो जगण्या-मरण्याचा आहे, हे रक्ताच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर आणि भारतातही मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. उपचार न मिळाल्यास धडधाकट बाई काही तासांत दगावू शकते. आणि तरीही वर्षानुवर्षे प्रसूतिकक्षात हे रक्त मोजले जात नव्हते. ते खाली सांडे, कापडात शोषले जाई, बादलीत जाई आणि पुसले जाई. 'साधारण एवढे गेले असेल' असा नजरेचा अंदाज नोंदवहीत पडे.

या सवयीला आव्हान देणारे काम ज्या भूमीत झाले, ती मराठी वाचकाला परकी नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह एक साधे साधन वापरात आणले. बाळंतिणीच्या खाली पसरायची पारदर्शक प्लास्टिकची चादर, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. बाळ बाहेर आले की चादर पसरायची; रक्त पिशवीत साठते आणि आकडा समोर दिसतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नजरेचा अंदाज चादरीवरील मोजमापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे अनुभवी डोळ्यांनाही गेलेल्या रक्ताचा एक तृतीयांश भाग दिसत नव्हता. त्याच वर्षी 'द लॅन्सेट'मध्ये बेळगाव जिल्ह्यातील १,६२० स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ही चादर वापरून रक्त मोजले गेले आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे दिसले. या प्रसूती मोठ्या दवाखान्यांत नव्हे, तर परिचारिका-प्रसाविकांच्या हातून झालेल्या होत्या.

पुढे १७ वर्षांनी, २०२३ मध्ये, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया या चार देशांतील दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या 'ई-मोटिव्ह' चाचणीने याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. मोजमापाची चादर आणि उपचारांचा एकत्रित संच जेथे वापरला गेला, तेथे अतिरक्तस्राव झालेल्या ९३ टक्के स्त्रिया वेळीच ओळखल्या गेल्या. जेथे जुनीच पद्धत चालू होती, तेथे केवळ ५१ टक्के. गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत मोजमापी चादरीचा पुरस्कार केला आणि नाडी वा रक्तदाब बिघडलेला असेल तर ५०० ऐवजी ३०० मिलिलिटरलाच हालचाल सुरू करावी, असे सांगितले.

यात तंत्रज्ञान जवळपास शून्य आहे. बदलली ती नजर. पुसून टाकण्याच्या वस्तूकडे मोजण्याची वस्तू म्हणून पाहिले गेले. आपल्याच सीमाभागात जन्मलेली ही कल्पना जगाने स्वीकारायला दोन दशके का लागावीत, याची कारणे अनेक असतील: पुरवठा, खर्च, सवय. पण त्यांत एक कारण हेही आहे की, बाळंतिणीचे रक्त हा हिशेबात धरायचा विषय आहे, असे आरोग्यव्यवस्थेला कधी वाटलेच नाही. शस्त्रक्रियागृहात शोषून घेतलेल्या रक्ताची नोंद ठेवणारी व्यवस्था शेजारच्याच प्रसूतिकक्षात अंदाजावर समाधान मानत राहिली.

पहिला चीक आणि दुधाचा बाजार

द्रावांच्या या क्रमवारीत दूध सर्वांत पवित्र मानले जाते. परंतु पहिल्या तासातील दूध मात्र नव्हे. बाळंतिणीचा घट्ट, पिवळसर चीक 'साचलेला', 'खराब' समजून पिळून टाकण्याची आणि बाळाला मध वा साखरेचे पाणी चाटवण्याची चाल देशाच्या अनेक भागांत आहे. त्याच चिकात बाळाला रोगांपासून वाचवणारी प्रतिद्रव्ये असतात. आता वर दिलेला आकडा आठवावा: देशात ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. मग जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण किती असावे? त्याच पाहणीनुसार सुमारे ४२ टक्के. या दरीचा दोष केवळ आजीबाईंच्या समजुतींवर ढकलता येणार नाही. कर्नाटकात जवळपास तिसरे बाळंतपण शस्त्रक्रियेने होते. मायलेकरांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवण्याची दवाखान्यांची रीत आणि घरची समजूत येथे हातात हात घालून काम करतात.

याच दुधाची दुसरी बाजू बंगळुरूने अलीकडे पाहिली. मातेच्या दुधाची आशियातील पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. बंगळुरूतील १९३५ पासूनच्या सरकारी वाणी विलास रुग्णालयात २०२२ मध्ये अशी पेढी उघडली. दान मिळालेले, तपासलेले आणि निर्जंतुक केलेले दूध अपुऱ्या दिवसांच्या बाळांना विनामूल्य द्यायचे, हे तिचे तत्त्व. पण याच शहरात मातेच्या दुधावर प्रक्रिया करून ते विकण्याचा व्यवसायही उभा राहिला. कधी दुग्धजन्य पदार्थ, कधी आयुर्वेदिक उत्पादन अशा परवान्यांच्या आधाराने तो चालला, परवाने रद्द झाले, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २४ मे २०२४ रोजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मानवी दुधाच्या विक्रीला कायद्यात परवानगी नसल्याचे देशभर बजावले. पहिल्या तासात फेकून देण्याजोगा वाटणारा द्राव काही आठवड्यांतच बाटलीबंद होऊन विकला जातो, यात एक कठोर सत्य आहे. स्त्रीच्या देहाविषयीची किळस आणि त्या देहातून नफा काढण्याची तयारी या दोहोंचे एकमेकींशी वाकडे नाही. दोहोंमध्ये ती स्त्री स्वतः गैरहजर असते.

भीतीला उत्तर हातमोज्यांचे

येथे आरोग्य कर्मचाऱ्यांची बाजू मांडणे आवश्यक आहे. रक्त आणि गर्भजल यांतून एचआयव्ही, कावीळ-ब यांसारखे संसर्ग होऊ शकतात. सुई टोचण्याची भीती काल्पनिक नाही. पण ही भीती सर्वांच्या बाबतीत सारखी काळजी घेण्यात रूपांतरित होते की काही ठरावीक स्त्रियांना दूर ठेवण्यात, हा कळीचा प्रश्न आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेने कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांबरोबर मुंबई आणि बंगळुरूमधील डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्हीबाधितांना वेगळी वागणूक देण्याची तयारी तिन्ही गटांत मोठ्या प्रमाणावर दिसली, आणि तिच्या मुळाशी संसर्ग कसा होतो याविषयीच्या चुकीच्या कल्पना होत्या. म्हणजे पदवीने विटाळ जात नाही. तो जंतूंची भाषा बोलू लागतो.

एचआयव्ही-एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचारातील भेदभावास मनाई केली. या कायद्याचा दुसरा भाग मात्र फारसा चर्चेत येत नाही: रक्ताशी आणि द्रावांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि संसर्गाची शक्यता उद्भवल्यास प्रतिबंधक औषधे देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. हे दोन्ही भाग एकत्र वाचले पाहिजेत. ज्या प्रसूतिकक्षात हातमोज्यांची पेटी कुलूपबंद असते आणि नळाला पाणी नसते, तेथे परिचारिकेला सन्मानाचे प्रवचन देणे हा ढोंगीपणा आहे. प्रत्येक स्त्रीचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे गृहीत धरून सर्वांसाठी तीच काळजी घेतली, तर कोणा एकीलाच वेगळे काढण्याचे कारण उरत नाही.

मावशीचे काम

विटाळाचा शेवटचा आणि सर्वांत खोल थर जातीचा आहे. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताने भरलेली धडुती धुणे ही कामे देशाच्या बऱ्याच भागांत परंपरेने दलित आणि सेवेकरी जातींच्या स्त्रियांकडे होती. त्या सुइणींचे ज्ञान समाजाने वापरले आणि त्यांना उंबऱ्याबाहेरही ठेवले. ज्या तुमकुरू जिल्ह्यात ते बाळ दगावले, त्याच जिल्ह्याच्या पावगड तालुक्यात सूलगित्ति नरसम्मा होऊन गेल्या. सूलगित्ति म्हणजे कानडीत सुईण. त्यांनी सात दशकांत पंधरा हजारांहून अधिक बाळंतपणे विनामोबदला केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला बंगळुरूत त्यांचे निधन झाले. एका व्यक्तीचा गौरव झाला. तिच्या कामाला लागलेला कलंक मात्र पुसला गेला नाही.

आज ते काम दवाखान्यातील 'मावशी' करतात. डॉक्टर बाळ काढतात, परिचारिका नोंद करतात आणि बाईचे अंग पुसणे, कापड बदलणे, लादी धुणे मावशींवर सोपवलेले असते. त्या बहुतेक कंत्राटी असतात, त्यांचे वेतन तुटपुंजे असते आणि प्रशिक्षण नसते. बंगळुरूच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने दोन-अडीच दशकांपूर्वी महापालिकेच्या प्रसूतिगृहांचा अभ्यास केला, तेव्हा गरीब बाळंतिणींना आपले बाळ पाहण्यासाठीसुद्धा पैसे मोजावे लागत असल्याचे समोर आले. त्याकडे आपण भ्रष्टाचाराची कथा म्हणून पाहिले, ती होतीच. परंतु जे काम व्यवस्थेला हीन वाटते, ज्याचा रास्त मोबदला ती देत नाही, त्याची किंमत अखेर सर्वांत दुबळ्या माणसाकडून, म्हणजे बाळंतिणीकडून, वसूल होते, हेही त्यात दिसते. शिवाय बाळंतिणीच्या उशाशी सर्वांत जास्त वेळ मावशीच असते. रक्त वाढले आहे हे सर्वप्रथम तिलाच दिसते. पण तिने ते पुसायचे असते. त्यावर बोलण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नसतो.

शबरीमला खटल्यात २०१८ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतंत्र निकालपत्रात, पाळीवरून स्त्रीला वगळणे हा अस्पृश्यतेचाच प्रकार असून तो राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाच्या कक्षेत येतो, असे म्हटले. न्या. इंदू मल्होत्रा यांनी ते मान्य केले नाही. अस्पृश्यतेचा अर्थ जातीपुरता आहे, असे त्यांचे मत होते. मंदिरप्रवेशाचा वाद बाजूला ठेवला तरी प्रसूतिकक्षात हे दोन अर्थ वेगळे काढणे कठीण आहे. तेथे देहाचा विटाळ आणि जातीचा विटाळ एकाच बादलीत हात घालतात.

काय करता येईल?

प्रत्येक मातामृत्यू विटाळाच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर मातांचे मृत्यू झाले, तेव्हा संशयाची सुई शिरेतून दिल्या गेलेल्या सलाइनच्या दर्जाकडे गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुमकुरूत ओळखीची कागदपत्रे नसल्याने दवाखान्याच्या दारातून परत पाठवली गेलेली एक गरोदर स्त्री जुळ्या बाळांसह दगावली. तेथे प्रश्न कागदी हृदयशून्यतेचा होता. २०१८-२० च्या नोंदींनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे कर्नाटकातील मातामृत्यू ६९ होते, महाराष्ट्रातील ३३, केरळातील १९. दक्षिणेत कर्नाटक मागे आहे, याची कारणे मिश्र आहेत. विश्रांतीसाठी बाळंतिणीला कामापासून दूर ठेवणारी सव्वा महिन्याची रीत सर्वस्वी वाईट होती, असेही म्हणता येणार नाही. विश्रांती हवीच, ती शिक्षेच्या रूपात नको.

तरीही विटाळाशी थेट भिडणारी काही पावले आज, फारशा खर्चाविना उचलता येतात. पहिले, मोजमापी चादर प्रत्येक प्रसूतिकक्षाच्या आवश्यक साहित्यात असावी, खासगी दवाखान्यांतही. आणि रक्तस्रावाचा आकडा, अंदाज नव्हे, केसपेपरवर सक्तीचा असावा. दुसरे, मातामृत्यूच्या चौकशीत औषध आणि वेळेबरोबरच 'तक्रार प्रथम कोणाला सांगितली आणि तिने वा त्याने काय केले' याची नोंद व्हावी. तिसरे, गरोदरपणाच्या तपासण्यांत आशा आणि परिचारिकांनी स्राव, पाणमोट, चीक यांविषयी सरळ शब्दांत बोलावे, आणि ते नवऱ्याच्या व सासूच्या समोर. चौथे, सोबतिणीचा हक्क दारावरच्या रखवालदाराच्या मर्जीवर राहू नये. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, मावशींना प्रसूती साहाय्यक म्हणून प्रशिक्षण, नियमित वेतन, लसीकरण आणि धोक्याची सूचना देण्याचा अधिकार मिळावा. बंगळुरूच्या बृहत् महापालिकेची जागा २०२५ मध्ये पाच महापालिकांनी घेतली आहे. शहरातील प्रसूतिगृहांची घडी नव्याने बसवताना या गोष्टी आरंभीच करून घेता येतील. महाराष्ट्रातील महापालिकांनाही त्यासाठी कोणाची वाट पाहण्याची गरज नाही.

वस्त्यांबाहेरच्या खोपटांबाबत कायद्याने कठोर व्हावे, यात दुमत नसावे. पण ज्या राज्यव्यवस्थेचे स्वतःचे प्रसूतिकक्ष बाळंतिणीला किळसेने हाताळतात, तिच्या उपदेशाला गोल्लरहट्टीत वजन राहत नाही. तेथील स्त्रिया दवाखान्यात जाऊन आलेल्या असतात. आपण अशुद्ध आहोत हे त्यांना घरी सांगितले गेले आणि दवाखान्यात कोणी खोडून काढले नाही, तर त्यांनी कोणावर विश्वास ठेवावा?

मराठीत एखाद्याशी आपला काही संबंध नाही हे सांगायचे असेल, तर 'मला त्याचे सोयरसुतक नाही' असे म्हणतात. या शब्दाची घडण पाहण्याजोगी आहे. ज्यांच्या जन्माचे सोयर आणि मृत्यूचे सुतक आपल्याला लागते, ते आपले, बाकीचे परके. अशुद्धीच्या त्या जुन्या कल्पनेतही आपलेपणाची कबुली दडलेली होती. आधुनिक राज्याने त्यातली अशुद्धी टाकून आपलेपणा ठेवायला हवा होता. प्रसूतिकक्षाच्या लादीवरून न मोजता पुसले जाणारे रक्त पाहिले, की आपण नेमके उलट केले, असेच म्हणावे लागते.